आधी उंबरा ठोकून पाहावा

जुनी मोटार पाहणे आणि लेकीसाठी स्थळ पाहणे यांत आम्हाला फारसा फरक वाटत नाही. समोरचा माणूस त्याला जे दाखवायचे तेवढेच दाखवतो. जे पाहायला हवे ते आपल्याला वाकून, अडचणीत शिरून, थोडे वाईटपण घेऊन पाहावे लागते. चहा-पोहे चांगले झाले म्हणून स्थळ चांगले ठरत नाही, तशीच रंग चकचकीत आहे म्हणून गाडी चांगली ठरत नाही.

आता हा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे वाचक बंधू-भगिनींना वाटेल. आम्ही तर साधे कारकून. सायकलनंतर स्कूटर आली, तिच्यापुढे आमची मजल गेलेली नाही. पण अलीकडे लग्नाच्या वरातीत घोड्याच्या जागी उघडी जुनी मोटार दिसू लागली आहे. फुलांच्या माळा लावलेल्या त्या मोटारीत नवरा-नवरी उभी राहतात आणि पुढे बेंजो वाजतो. हे पाहून वस्तीतल्या बऱ्याच तरुणांच्या मनात एक धंदा घोळतो आहे. टप उघडणारी जुनी मोटार घ्यायची आणि लग्नाला भाड्याने द्यायची. भांडवल कुठले? तर वडिलांच्या फंडाचे नाहीतर ग्रॅच्युइटीचे. हाच प्रकार आमच्या नात्यात झाला, म्हणून त्याचा हिशेब आपल्यापुढे ठेवत आहोत.

आमचे साडू एसटीच्या डेपोत चौतीस वर्षे मेकॅनिक होते. २०२३ साली निवृत्त झाले. हातात जे पैसे आले त्यांतून घराचे राहिलेले कर्ज फेडले आणि साधारण साडेपाच लाख शिल्लक राहिले. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिची फी भरायची होती. मुलगा बी.ए. झालेला, त्याचे कंत्राटी काम सुटून दीड वर्ष झाले होते. एके दिवशी तो मोबाईलवर एका गाडीचा फोटो घेऊन आमच्याकडे आला. साईच्या रंगाची छोटी गोंडस मोटार, लाल सीट, मागे दुमडून ठेवलेले कापडी हूड. मॉरिस मायनर, १९५९ सालची, लोणावळ्याला एका बंगल्यात. किंमत पाच लाख.

"काका, आता वरातीला घोडा कोण घेतं? सगळ्यांना उघडी गाडीच लागते. दोन सीझनमध्ये पैसे वसूल," भाचा म्हणाला.

साडू काही बोलले नाहीत, पण फोटो त्यांनी तीनदा पाहिला. त्यांच्या लहानपणी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे अशीच मॉरिस होती. ती बंद पडली की पोरे धक्का मारायची, त्यांत आमचे साडूही असत. आयुष्यभर महामंडळाच्या गाड्या दुरुस्त केल्या, एक तरी गाडी आपल्या नावावर असावी, ही इच्छा त्यांच्या मनात किती खोल होती हे आम्हाला त्या दिवशी कळले. आमच्या सौ. आणि त्यांची थोरली बहीण मात्र स्वयंपाकघरात गप्प बसून होत्या.

आम्ही म्हटले, "गाडी घ्यायची की नाही ते नंतर ठरवू. आधी पाहून येऊ. यंत्र भाऊ पाहतील, कागद आम्ही पाहू."

जाण्यापूर्वी या गाडीची थोडी माहिती गोळा केली. मॉरिस मायनर ही मूळची इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या काऊली येथील. ॲलेक इसिगोनिस यांनी ती तयार केली आणि १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. साध्या नोकरदार माणसाला परवडावी म्हणून काढलेली ही गाडी. १९७१ पर्यंत अशा सोळा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने हिच्यावरूनच 'बेबी हिंदुस्थान' काढली होती. मायनरचा एक प्रकार पहिल्यापासून कापडी टपाचा होता. त्याला 'टूरर' किंवा 'कन्व्हर्टिबल' म्हणत. तो १९६९ पर्यंत निघत होता. बंद टपाच्या गाड्या खूप निघाल्या, टूरर त्या मानाने थोड्या. म्हणून टूररला जास्त भाव. आणि जिथे जास्त भाव, तिथे नक्कल आलीच. बंद गाडीचे पत्र्याचे टप कापायचे, वर कापड चढवायचे आणि टूरर म्हणून विकायची, हा उद्योग इंग्लंडातही झाला आणि आपल्याकडेही होतो.

टप कापले तर बिघडले काय? हे साडूंनी आम्हाला बुटाच्या खोक्यावर समजावले. झाकण घट्ट बसवलेला खोका दोन्ही हातांनी पिळून पाहा, तो दाद देत नाही. झाकण काढा आणि पिळा, लगेच वाकडा होतो. जीपला किंवा जुन्या मोठ्या अमेरिकन गाड्यांना खाली स्वतंत्र लोखंडी चासी असते. सगळा भार तिच्यावर, टप केवळ सावलीपुरते. मायनरला, फियाटला, ॲम्बेसेडरला तशी चासी नाही. पत्र्याचा सबंध सांगाडाच भार उचलतो, टपसुद्धा. म्हणून कारखान्यात टूरर बनवताना दाराखालच्या पेटीत आतून जादा पट्ट्या घालत आणि डॅशबोर्डच्या खाली दोन्ही बाजूंना आधार देत. दाराखालच्या या पेटीला गॅरेजमध्ये 'सिल' म्हणतात. घराला जसा उंबरा तशी गाडीला ही पेटी. टप नसलेल्या गाडीचा सारा जीव या उंबऱ्यात.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तिघे लोणावळ्याला गेलो. साडूंच्या पिशवीत जुनी विजार, बॅटरी, फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक, स्क्रू ड्रायव्हर, जॅक आणि पाने. मालक गृहस्थ सज्जन होते, मोकळेपणाने बोलले. गाडी फोटोत होती तशीच देखणी. भाच्याने लगेच सीटवर हात फिरवला. साडूंनी मात्र आधी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट कोमट होते. म्हणजे आम्ही येण्यापूर्वी इंजिन चालू करून ठेवलेले. गरम इंजिन कुणाचेही चालू होते. खोड कळते ती थंड असताना. साडूंनी काही न बोलता चहा मागितला आणि म्हणाले, "आधी पत्रा बघतो. इंजिनाची घाई नाही. इंजिन बिघडलं तर बदलता येतं, पत्रा गेला तर गाडी गेली."

मग त्यांनी विजार चढवली आणि गाडीखाली शिरले. त्यांनी काय काय पाहिले ते क्रमाने सांगतो, कारण कुठलीही जुनी गाडी घेताना ते कामाचे आहे.

पहिले लोहचुंबक. फडक्यात गुंडाळलेले, म्हणजे रंगावर चरा पडत नाही. चुंबक पत्र्याला ओढ घेते, पुट्टीला घेत नाही. दारांवर, बॉनेटवर ते चिकटले. उंबऱ्यावर ठेवले आणि घसरून खाली पडले. एक वीत सोडून पुन्हा ठेवले, पुन्हा पडले. उजव्या उंबऱ्यात हातभर लांबीला लोखंड नव्हतेच, पुट्टी होती आणि वर साईचा रंग. लोणावळ्याचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. कापडी हूडमधून पाणी आत येते, पायाखालच्या मॅटखाली साचते आणि जमीन व उंबरा आतून खाते. वरून काही दिसत नाही.

दुसरी दारे. साडूंनी दाराच्या कडेची फट बोटाने मोजली. खाली बोट जात होते, वर नखही जात नव्हते. मग मालकांची परवानगी घेऊन गाडीच्या मध्याजवळ मजबूत जागा पाहून जॅक लावला आणि थोडी उचलली. वरची फट उघडली, खालची मिटली. धड गाडीची फट जॅकवर अशी उघडझाप करत नाही. ही गाडी कमरेत वाकली होती.

तिसरी पाटी. बॉनेट उघडले की आतल्या पत्र्यावर गाडीच्या नंबराची छोटी पाटी असते. त्या काळात नंबराच्या सुरुवातीलाच अक्षरांत गाडीचा प्रकार लिहीत. १९५९ ची टूरर असेल तर तिथे 'एमएटी' हवे. इथे होते 'एमए२एस', म्हणजे दोन दारांची बंद गाडी. डॅशबोर्डखाली बॅटरी मारून पाहिले तर कारखान्याचे आधार नव्हते, त्याऐवजी कुणीतरी पाण्याचा पाइप कापून जोडला होता.

चौथी पुढची चाके. मायनरची एक जुनी खोड आहे. पुढच्या चाकाचा खालचा आट्याचा सांधा वेळेवर ग्रीस मिळाले नाही तर झिजतो आणि चालत्या गाडीत चाक मुडपून पडते. चाक उचलून वर-खाली धरून हलवायचे, खडखड लागली की समजायचे. डावे चाक खडखडले. पाचवा ब्रेक. पेडल दाबून मिनिटभर तसेच धरायचे. ते हळूहळू खाली गेले तर मास्टर सिलिंडर गेला. मायनरमध्ये तो चालकाच्या पायाखाली सांगाड्यात दडवलेला असतो, काढायला वेळ लागतो. पेडल जमिनीला टेकले.

दीड तासाने थंड झालेले इंजिन चालू केले. ९४८ सीसीचे मूळचेच इंजिन होते आणि ते मात्र चांगले निघाले. निळा धूर नाही, तेलाचा दिवा लगेच विझला. साडूंच्या चेहऱ्यावर आनंद दिसला तो तेवढाच. पण त्यातही त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. ही इंजिने शिसे असलेल्या पेट्रोलसाठी बनलेली. २००० सालापासून आपल्याकडे तसे पेट्रोल बंद आहे, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, त्या पुढेमागे बदलाव्या लागतात. आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्या खाते. नळी फुटून पेट्रोल इंजिनावर पडले तर आग. म्हणून नळ्या आधी बदलायच्या.

आता आमची पाळी. आरसी बुक मागितले. त्यात गाडीचा प्रकार 'सलून' लिहिला होता, म्हणजे बंद टपाची. मालक म्हणून जे नाव होते ते समोरच्या गृहस्थांचे नव्हते. ती व्यक्ती वारली होती. गृहस्थांनी ती गाडी दुसऱ्याच कुणाकडून रोखीने घेतली होती, नावावर केलीच नव्हती. नोंदणीची मुदतही संपली होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नवी करायची असते. साध्या विक्रीत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म पुरतात, कर्ज असेल तर ३५ चा, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर २८ ची ना-हरकत. इथे आधी मृताच्या वारसांना शोधून ३१ चा फॉर्म करावा लागणार होता. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, आकडे उमटले, ते आरसीशी जुळले. गाडी चोरीची नसावी एवढे एक समाधान.

हे सारे सांगितले तेव्हा त्या गृहस्थांचाच चेहरा उतरला. त्यांना टूरर म्हणूनच विकली गेली होती. त्यांनीही पैसे मोजले होते. म्हणून आम्ही त्यांना दोष देत नाही.

घरी येऊन आम्ही वहीची पाने आखली. जुन्या गाडीची किंमत काढताना लोक मागितलेल्या रकमेतून घासाघीस करतात. ती रीत उलटी आहे. त्याच जातीची धड गाडी बाजारात कितीला मिळते ते आधी पाहावे, आणि त्यातून ही गाडी तशी धड करायला लागणारा खर्च वजा करावा. ठाण्याला एक धड, बंद टपाची मायनर तीन लाख पंचवीस हजारांना सांगत होते, कागद स्वच्छ. आमच्या गाडीला साडूंच्या अंदाजाने पत्रा व वेल्डिंग एक लाख वीस हजार, पुढची चाके व ब्रेक पंचेचाळीस हजार, हूड व रबर पस्तीस हजार, रंग साठ हजार. बेरीज दोन लाख साठ हजार. यात साडूंनी स्वतःची मजुरी धरली नव्हती. वजाबाकी केली तर पासष्ट हजार उरतात. पाच लाख मागितलेल्या गाडीची ही किंमत, आणि तीही कागद नीट होतील असे धरून.

दुसऱ्या पानावर उत्पन्न. आम्ही हिशेब केला तेव्हा पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेला ८.२ टक्के व्याज होते. पाच लाखांवर वर्षाला एक्केचाळीस हजार, म्हणजे दर तिमाहीला दहा हजार दोनशे पन्नास. गाडीने आधी तेवढे मिळवायचे, मग विमा, शेड, पेट्रोल, दुरुस्ती, आणि त्यानंतर नफा. शिवाय पावसाळाभर उघडी गाडी उभीच.

पण खरी गाठ कायद्यात होती. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही. मग 'व्हिंटेज' म्हणून नोंदवू, असे भाचा म्हणाला. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने त्याचे नियम काढले आहेत. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, पुढच्या नोंदणीला पाच हजार. मात्र दोन अटी आहेत. गाडी मूळ रूपात हवी, सांगाड्यात बदल केलेला चालत नाही. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे टप कापलेली गाडी व्हिंटेजमध्ये बसत नाही, आणि अस्सल टूरर असती तर तिला वरातीचे भाडे लावता आले नसते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानेही आरसीत लिहिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले आहे. उद्या गर्दीत ब्रेक लागला नाही आणि कुणाला इजा झाली, तर विमा कंपनी कागदावर बोट ठेवणार. भरपाई कुणाच्या घरातून जाईल ते सांगायला नको.

आम्ही ही दोन्ही पाने भाच्यापुढे ठेवली. तो चिडला. म्हणाला, "कितीजण बिनधास्त फिरवतात! आपल्याच दारात गाडी आलेली तुम्हाला बघवत नाही का, काका?"

उत्तर आम्ही दिले नाही, साडूंनी दिले. ते म्हणाले, "माझ्या हातनं गेलेल्या एकाही गाडीचा ब्रेक कधी फसला नाही. ही गाडी नवरा-नवरीला बसवून मी रस्त्यावर सोडणार नाही. विषय संपला." आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आम्ही बराच वेळ त्यांच्यामागे गेलो नाही. नाही म्हणणे सर्वांत जड त्यांनाच गेले होते.

पाच लाख पोस्टात गेले. भाचीची फी बरीचशी त्या व्याजातून निघाली. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. भाचा अडीच महिने आमच्याशी बोलला नाही. पुढे त्याने बॅज काढला, आता एका टुरिस्ट गाडीवर चालक आहे. कायम काम नाही, पण महिना सुटतो. ठाण्याच्या त्या बंद टपाच्या मायनरची चौकशी साडू अधूनमधून करतात. ती तीन लाखांवर आली आहे, असे परवाच म्हणाले. त्यांच्या बायकोने यावर काय उत्तर दिले ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

ओळखीतले दोघेजण जुनी जीप पाहायला साडूंना घेऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी पिशवी तशीच भरली आणि आम्हालाही कागद वाचायला बरोबर नेले. एक जीप घेतली गेली, एक सोडली. घेतली तिच्याही किमतीतून बत्तीस हजार कमी झाले, कारण काय दुरुस्त करायचे त्याची यादी हातात होती. यादी असली की घासाघीस करावी लागत नाही, ती आपोआप होते.

वाचकहो, हौस वाईट नाही. कष्टकरी माणसाने हौस करूच नये, असे आम्ही कधी म्हणणार नाही. पण पाहायला जाताना एक पाना ओळखणारा आणि एक कागद ओळखणारा बरोबर न्या. गाडी थंड असताना पाहा, उन्हात पाहा, पाऊस पडून गेल्यावर मॅट उचलून पाहा. आणि ज्या पैशांवर घरातल्या बाईने मुलांच्या शिक्षणाचे गणित बांधलेले असते, त्यांतून तिला विचारल्याशिवाय विसार देऊ नका.